उन्हाळ्यापुरता आलेला पाहुणा आणि गावचा इतिहास : लाउंड्स काउंटी, १९६५



आजचा विषय तसा लहान जागेचा आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात लाउंड्स नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे कागदोपत्री जिल्हा, पण आकारानं म्हणाल तर आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढीच. सेल्मा आणि मॉन्टगोमेरी ही दोन शहरं जोडणारा ८० क्रमांकाचा महामार्ग तिच्यातून जातो. नागरी हक्क चळवळीचा इतिहास वाचणारे लोक सेल्मा वाचतात, मॉन्टगोमेरी वाचतात, आणि मधल्या लाउंड्समधून गाडी न थांबवता पुढे जातात. आज आपण तिथे थांबणार आहोत.

थांबायला एक निमित्तही आहे. अमेरिकेत दर उन्हाळ्यात शेकडो तरुण मुलंमुली चर्चच्या सेवाकार्यासाठी परक्या गावांत जातात. समर मिनिस्ट्री म्हणतात त्याला. कुणी मुलांचे वर्ग घेतं, कुणी पडकी घरं दुरुस्त करतं, कुणी अन्नवाटपाला मदत करतं. दक्षिणेत जाणाऱ्या अशा बऱ्याच गटांच्या कार्यक्रमात आता त्या भागातल्या नागरी हक्क लढ्याचा परिचयही असतो. प्रश्न असा, की सहा आठवड्यांसाठी आलेल्या माणसानं गावचा इतिहास कशासाठी शिकायचा? भिंत रंगवायची असेल तर रंग आणि ब्रश पुरे की! आणि शिकायचाच, तर कुणाकडून? या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला एका उन्हाळी स्वयंसेवकाच्याच गोष्टीतून देणार आहे. त्याचं नाव जोनाथन डॅनियल्स. पण त्याच्यापासून सुरुवात करायची नाही. का, ते पुढे कळेल.

सुरुवात जमिनीपासून करू. अलाबामाच्या मधोमध जो पट्टा जातो त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. नाव मुळात मातीवरून पडलं. काळी, चिकण, कापसाची जमीन. विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. कापूस म्हणजे त्या काळी गुलामांची मजुरी, त्यामुळे या पट्ट्यात आफ्रिकेतून आणलेल्या लोकांची वस्ती दाट झाली, आणि नावाला दुसरा अर्थही चिकटला. १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, ते गुलामीच्या मुक्तीसाठी झटलेले लोक. फुल्यांची ती कृतज्ञता खरी होती. पण लाउंड्समध्ये झालं असं, की माणूस मोकळा झाला आणि जमीन मात्र मालकाकडेच राहिली. मोकळा झालेला माणूस त्याच मालकाच्या शेतात वाट्यानं राबू लागला. बियाणं मालकाचं, घर मालकाचं, किराणा मालकाच्या दुकानातून उधार, आणि वर्षअखेरीस हिशेबाची वही मालकाच्याच हातात. हिशेब कुणाच्या बाजूनं निघत असेल, हे सांगायला अर्थशास्त्री कशाला हवा!

बरं, लोक गप्प बसले होते का? नाही. १९३५ साली इथल्या कापूस वेचणाऱ्या मजुरांनी शेअर क्रॉपर्स युनियनच्या नावाखाली संप केला. मागणी काय, तर शंभर पौंड कापूस वेचण्याला एक डॉलर. म्हणजे साधारण ४५ किलोला एक डॉलर. संप मारहाणीनं आणि खुनांनी मोडून काढला. पुढे १९४७ च्या डिसेंबरात लाउंड्सबरो इथे एल्मोर बोलिंग या कृष्णवर्णीय माणसाला गोळ्या घालून मारलं. त्याचा गुन्हा काय? त्याचं दुकान चालत होतं, मालवाहतुकीचे ट्रक होते, चार पैसे गाठीला होते. त्याच्या मुलीनं कित्येक वर्षांनी ही सगळी हकीकत शोधून पुस्तकात लिहिली, म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे. या काउंटीला लोक ‘ब्लडी लाउंड्स’, रक्ताळलेलं लाउंड्स, म्हणत. ते नाव एका दिवसात पडलेलं नाही.

आता मतदारयादीकडे येऊ. १९६० च्या सुमारास काउंटीची लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास. पाचांतले चार लोक कृष्णवर्णीय. मत देण्याच्या वयाचे कृष्णवर्णीय पाच हजारांहून जास्त. आणि १९६५ चा मार्च उजाडला तेव्हा यादीत त्यांची नावं किती? शून्य. एकही नाही. आणि गोऱ्यांची नावं किती, तर काउंटीत जेवढे गोरे मतदार राहत होते त्याहून जास्त! मेलेले, गाव सोडून गेलेले, सगळे यादीत जिवंत. अशा याद्या आपल्याही ओळखीच्या आहेत, पण इथे त्यामागे बंदूक होती.

या शून्याला पहिला धक्का दिला तो जॉन ह्युलेट या इथल्याच माणसानं. ह्युलेट तरुणपणी कामासाठी बर्मिंगहॅमला गेले, तिथे रेव्हरंड फ्रेड शटल्सवर्थ यांच्या चळवळीत तयार झाले, आणि १९५९ मध्ये घरी परतले. मार्च १९६५ मध्ये त्यांनी शेजाऱ्यांना गोळा करून मतदार नोंदणीसाठी जायचं ठरवलं. पहिल्या खेपेला सगळ्यांना परत पाठवलं. महिन्याच्या मध्यावर दोघांची नोंदणी झाली. एक स्वतः ह्युलेट आणि दुसरे एक अंध धर्मोपदेशक, जे. सी. लॉसन. त्याच महिन्यात लाउंड्स काउंटी ख्रिश्चन मूव्हमेंट फॉर ह्यूमन राइट्स ही संघटना उभी राहिली, ह्युलेट तिचे अध्यक्ष. लक्षात घ्या, बाहेरचा एकही स्वयंसेवक अजून मुक्कामाला आलेला नाही. लढा सुरू झालेला आहे.

आता स्वयंसेवकांकडे वळू. ‘उन्हाळी स्वयंसेवक’ ही कल्पना अमेरिकेत गाजली ती १९६४ च्या फ्रीडम समरमुळे. शेजारच्या मिसिसिपी राज्यात मतदार नोंदणी आणि शाळा चालवण्यासाठी उत्तरेतून जवळपास हजार विद्यार्थी आले. त्यांचं प्रशिक्षण ओहायोतल्या ऑक्सफर्ड या गावी झालं, आणि त्याचा भार नॅशनल काउन्सिल ऑफ चर्चेस या संस्थेनं उचलला होता. म्हणजे चर्च आणि चळवळ यांचा धागा तिथेच जुळलेला दिसतो. या विद्यार्थ्यांनी चाळीसच्या वर फ्रीडम स्कूल चालवली आणि तिथे कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला. कारण सरकारी शाळेत तो नव्हताच.

त्याच उन्हाळ्यात, २१ जून १९६४ ला, तिघं जण नाहीसे झाले. जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर. चेनी मिसिसिपीचाच, कृष्णवर्णीय. बाकी दोघं न्यूयॉर्कचे, गोरे. जाळून टाकलेलं एक चर्च पाहायला ते गेले होते. ४ ऑगस्टला मातीच्या बांधाखाली त्यांचे मृतदेह सापडले. सगळा देश हलला. पण शोध चालू असताना नदीत आणखी दोन कृष्णवर्णीय तरुणांचे मृतदेह सापडले, हेन्री डी आणि चार्ल्स मूर. त्यांना मे महिन्यातच मारलं होतं आणि त्यांना शोधायला कुणी आलं नव्हतं. श्वर्नर यांच्या पत्नी रिटा यांनी तेव्हाच तोंडावर सांगितलं, की नाहीशा झालेल्यांमध्ये दोन गोरे नसते तर एवढी धावपळ झालीच नसती. ज्या बाईचा नवरा बेपत्ता आहे ती हे बोलते आहे! हा मुद्दा मनात ठेवा, तो परत लागणार आहे.

आता १९६५. ७ मार्चला सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांवर पोलिसांचा हल्ला झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी देशभरच्या धर्मोपदेशकांना सेल्माला येण्याची हाक दिली. त्या हाकेनं जे आले त्यात जोनाथन डॅनियल्स होता. जन्म १९३९ चा, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कीन या गावचा. व्हर्जिनियातल्या लष्करी शिस्तीच्या कॉलेजातून पहिल्या क्रमांकानं उत्तीर्ण, मग हार्वर्डला इंग्रजी साहित्य, आणि ते सोडून केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या एपिस्कोपल थिऑलॉजिकल स्कूलमध्ये पाद्री होण्यासाठी दाखल. आला तेव्हा बेत दोन-चार दिवसांचाच होता. परतीची बस चुकली, तो आणि त्याची सहाध्यायी ज्युडिथ अपहम मागे राहिले, आणि त्या दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की शनिवार-रविवारची भेट देऊन निघून जाणं काही खरं नाही. दोघं कॉलेजात गेले, परवानगी घेतली, आणि सेल्माला परतले. मे महिन्यात परीक्षा देऊन उन्हाळ्यात डॅनियल्स पुन्हा अलाबामात आला.

त्यानं काय केलं? पहिली गोष्ट म्हणजे तो कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, एका कुटुंबात राहिला. त्यांच्या मुलांबरोबर जेवला, खेळला. दुसरं काम अगदी कारकुनी. गरिबांना सरकारकडून कोणकोणती मदत मिळू शकते, कुठल्या कचेरीत, कुठल्या कागदावर, याची यादी त्यानं तयार केली. हक्क कायद्यात असतो, पण कचेरीचा दरवाजा कुठे आहे हे माहीत नसेल तर कायदा काय चाटायचा? आणि तिसरं, तो रविवारी वस्तीतल्या मुलांना घेऊन सेल्माच्या सेंट पॉल्स एपिस्कोपल चर्चमध्ये जाऊ लागला. म्हणजे त्याच्या स्वतःच्या पंथाच्या चर्चमध्ये. आधी दारातून परत पाठवलं, मग आत घेतलं पण मागच्या बाकांवर बसवलं. त्यानं अलाबामाचे बिशप कार्पेंटर यांच्याकडे तक्रार केली. हे कार्पेंटर कोण? १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंगनी ज्या आठ धर्मगुरूंना पत्र लिहिलं, त्यांतलेच एक.

त्या महिन्यांतलं डॅनियल्सचं लिखाण उपलब्ध आहे. त्यात एक बदल दिसतो. आला तेव्हा तो गोऱ्या शहरवासीयांवर रागावलेला होता. हळूहळू त्याला दिसू लागलं की भीतीनं समोरच्यालाही बांधून टाकलेलं आहे. राग गेला असं मी म्हणणार नाही, पण रागाबरोबर समज आली. ही समज त्याला पुस्तकातून मिळाली नाही. ज्यांच्या घरी राहिला त्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून मिळाली.

सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चा २१ ते २५ मार्चला निघाला. ५४ मैल, म्हणजे ८७ किलोमीटर. लाउंड्समध्ये रस्ता अरुंद, दोनच मार्गिका, म्हणून कोर्टाच्या आदेशाप्रमाणे तिथे फक्त ३०० माणसांना चालायची परवानगी होती. मोर्चा चालला असताना स्टोकली कारमायकल आणि त्याचे सहकारी, म्हणजे स्निक या विद्यार्थी संघटनेचे कार्यकर्ते, रस्त्याच्या कडेला बघायला आलेल्या लाउंड्सच्या लोकांची नावं आणि पत्ते लिहून घेत होते. मोर्चा मॉन्टगोमेरीला पोचला, भाषणं झाली, सगळे घरी गेले. हे कार्यकर्ते ती नावं घेऊन लाउंड्सला आले. मोर्चा संपला त्याच रात्री, २५ मार्चला, कार्यकर्त्यांना गाडीतून सोडणाऱ्या व्हायोला लिउझो या डेट्रॉइटच्या गोऱ्या महिलेला लाउंड्सच्या हद्दीत याच महामार्गावर गोळी घालण्यात आली. त्यांना मारणाऱ्यांपैकी एकावर राज्याच्या कोर्टात दोनदा खटला चालला. पहिल्यांदा ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यांदा तो सुटला. शिक्षा झाली ती पुढे संघराज्याच्या कोर्टात, आणि तीही खुनाबद्दल नाही, नागरी हक्कांच्या भंगाबद्दल.

६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. चारच दिवसांत केंद्राचे नोंदणी अधिकारी लाउंड्समध्ये आले. देशातल्या अगदी पहिल्या नऊ काउंट्यांत तिचा नंबर लागला. डॅनियल्सला आता लाउंड्समध्ये काम करायचं होतं. कारमायकल राजी नव्हता. त्याचं म्हणणं साधं होतं. गोरा माणूस सोबत दिसला की धोका त्या गोऱ्याला तर आहेच, पण आपण निघून गेल्यावर ज्या घरानं त्याला पाणी पाजलं त्या घराला तो जास्त आहे. सेवा करायला आलेल्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकायला हवं. आपल्या येण्याची किंमत यजमान मोजतो. अखेर डॅनियल्स गेला, आणि तिथल्या पोरांच्या मागून गेला, पुढे होऊन नाही.

१४ ऑगस्ट, शनिवार. फोर्ट डिपॉझिट या गावी तिथल्याच तरुणांनी, भेदभाव करणाऱ्या दुकानांसमोर निदर्शनं केली. जवळपास तीस जणांना अटक झाली. कचरा वाहण्याच्या ट्रकमधून त्यांना हेनव्हिल या काउंटीच्या मुख्य गावच्या तुरुंगात नेलं. ऑगस्टचा उकाडा, तुंबलेले संडास, आंघोळीला पाणी नाही. डॅनियल्सला जामीन मिळू शकत होता. सगळ्यांना मिळत नसेल तर मला नको, असं त्यानं सांगितलं. सहा दिवस तिथे काढले.

२० ऑगस्टला, शुक्रवारी, सगळ्यांना अचानक सोडलं. न्यायला गाडी नाही, कुणाला कळवलेलं नाही. तुरुंगाच्या आवारात थांबू द्यायलाही नकार. गाडीची वाट बघत असताना चौघं जण जवळच्या व्हार्नर्स कॅश स्टोअरकडे थंड काहीतरी प्यायला निघाले. डॅनियल्स, शिकागोहून आलेले कॅथलिक फादर रिचर्ड मॉरिसरो, आणि दोन कृष्णवर्णीय मुली, रूबी सेल्स आणि जॉइस बेली. रूबी तेव्हा १७ वर्षांची. दारात टॉम कोलमन हा माणूस बंदूक घेऊन उभा. राज्याच्या रस्ते खात्यात नोकरी आणि शेरीफचा बिनपगारी डेप्युटी. त्यानं बंदूक रोखली, डॅनियल्सनं रूबीला बाजूला ढकललं, आणि गोळी स्वतःवर घेतली. तो जागच्या जागी गेला. वय २६. जॉइसचा हात धरून पळणाऱ्या मॉरिसरोंना पाठीत गोळी लागली. ते वाचले, पण बरे व्हायला फार काळ लागला.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात. आपल्याला अजून कोर्टात जायचं आहे.

कोलमनवर खुनाचा आरोप ठेवलाच नाही. सदोष मनुष्यवधाचा ठेवला. राज्याचे महाअधिवक्ता रिचमंड फ्लॉवर्स यांनी खटला हातात घ्यायचा प्रयत्न केला, तो कोर्टानं हाणून पाडला. मॉरिसरो अजून साक्ष देण्याच्या स्थितीत नव्हते, तेवढं थांबा म्हटलं, तेही नाही. बचाव असा, की डॅनियल्सकडे चाकू होता आणि फादरकडे पिस्तूल, कोलमननं स्वसंरक्षण केलं. ज्युरीत बारा माणसं. सगळे गोरे, सगळे पुरुष. ३० सप्टेंबरला निर्दोष.

आता हे बारा जण आले कुठून? हा प्रश्न डॅनियल्सच्या खटल्याहून मोठा होता. काउंटीतल्या पाचांपैकी चार लोकांचा ज्युरीत एकही माणूस नाही. शिवाय अलाबामाच्या कायद्यानं बायकांना ज्युरीत बसायलाच बंदी. लाउंड्सच्या स्थानिक रहिवाशांनी याविरुद्ध संघराज्याच्या कोर्टात दावा लावला. ‘व्हाइट विरुद्ध क्रुक’ असं त्याचं नाव. गंमत बघा, यातल्या ‘व्हाइट’ म्हणजे गार्डेनिया व्हाइट, लाउंड्सच्या कृष्णवर्णीय रहिवासी. निवेदन तयार करण्यात दोन स्त्री वकील होत्या, डोरोथी केन्यन आणि पॉली मरे. फेब्रुवारी १९६६ मध्ये तीन न्यायाधीशांनी निकाल दिला : कृष्णवर्णीयांना ज्युरीतून वगळणं घटनाबाह्य, आणि स्त्रियांना वगळणारा कायदाही घटनाबाह्य. चौदाव्या घटनादुरुस्तीतलं समान संरक्षण स्त्रियांच्या बाबतीत लागू करणारा हा त्या काळातला महत्त्वाचा निकाल. म्हणजे कापूस वेचणाऱ्या एका मागास काउंटीतल्या लोकांनी राज्यातल्या सगळ्या बायकांना, गोऱ्यासुद्धा, ज्युरीचा दरवाजा उघडून दिला. पॉली मरे पुढे १९७७ मध्ये एपिस्कोपल चर्चच्या पाद्री झाल्या, असा मान मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

दुसरीकडे मतदार नोंदणी वाढली तशी मालकांनी कुळांना जमिनीवरून हुसकावायला सुरुवात केली. नाव नोंदवलंस? मग घर रिकामं कर. १९६५ च्या अखेरीला महामार्गाच्या कडेला तंबू उभे राहिले. टेंट सिटी. काही कुटुंबं जवळपास दोन वर्षं तिथे राहिली. रात्री गाड्यांतून गोळ्या झाडल्या जात, म्हणून लोक स्वतःच पहारा देत. हातात बंदुका घेऊन. अहिंसेच्या चळवळीतलं हे अवघड पान आहे आणि ते गाळून चालणार नाही. ज्यांच्या बाजूनं शेरीफ नाही, ज्युरी नाही, ते आपलं दार राखत होते.

१९६६ मध्ये या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला, लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. अलाबामात पक्षाला चिन्ह लागायचं, कारण वाचता न येणारे मतदार पुष्कळ. आपल्याला हे नीट समजेल, आपल्याकडेही चिन्हावरच शिक्का मारत आलो. डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा, आणि त्याच्याबरोबर गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाची घोषणा अगदी १९६६ च्या सुरुवातीपर्यंत छापलेली असायची. यांनी चिन्ह घेतलं काळा पँथर. ह्युलेट समजावून सांगत, की हा प्राणी दाबला तर मागे सरतो, मागे सरतो, पण कोपऱ्यात सापडला की उलटतो. शेरीफचं काम काय, कर आकारणी कोण करतो, हे सांगणारी चित्रपुस्तकं घरोघरी वाटली. ३ मे १९६६ ला हेनव्हिलच्या चर्चमध्ये शेकडो लोकांनी आपले उमेदवार निवडले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत सगळे हरले. आणि १९७० मध्ये? जॉन ह्युलेट लाउंड्सचे शेरीफ म्हणून निवडून आले. ज्या पदाच्या नावाखाली कोलमन बंदूक घेऊन उभा होता, त्या पदावर.

तो पँथर मात्र लाउंड्समध्ये राहिला नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली, चिन्ह लाउंड्सचं. आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी दलित पँथर स्थापन केली, ती या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आपल्या भिंतींवर रंगवलेल्या त्या पँथरचं गाव कोणतं, असं कुणी विचारलं तर ओकलंडवर थांबू नका. त्याचं गाव हेनव्हिल. वाट्यानं कापूस पिकवणाऱ्यांच्या मतपत्रिकेवर तो पहिल्यांदा बसला.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आज हेनव्हिलला जाणाऱ्या स्वयंसेवकाला काय दिसतं? दर ऑगस्टमध्ये एपिस्कोपल चर्चची यात्रा निघते. लोक तुरुंगापासून त्या दुकानाच्या जागेपर्यंत चालतात. इमारत आज नाही, फलक आहे. तिथून कोर्टात जातात. ज्या दालनात कोलमन सुटला, तिथेच प्रार्थना होते आणि न्यायाधीशाचं टेबल त्या दिवशी वेदी होतं. १९९१ मध्ये चर्चनं डॅनियल्सचं नाव आपल्या हुतात्म्यांच्या पंचांगात घातलं आणि स्मृतिदिन ठेवला १४ ऑगस्ट. म्हणजे मृत्यूचा दिवस नाही, अटकेचा. ज्या दिवशी तो इतरांसोबत कचऱ्याच्या ट्रकमध्ये चढला तो दिवस. मला हे ठिकाणावरचं वाटतं.

पण रिटा श्वर्नर यांचा मुद्दा इथे परत येतो. डॅनियल्सचं नाव जगभर गेलं. फेब्रुवारी १९६५ मध्ये जवळच्याच मॅरियन गावात पोलिसाच्या गोळीनं गेलेला जिमी ली जॅक्सन, ज्याच्या मृत्यूमुळे सेल्माचा मोर्चा ठरला, त्याचं नाव किती जणांना माहीत आहे? एल्मोर बोलिंगचं? डॅनियल्सचं मोठेपण कमी करायला मी हे सांगत नाही. उलट. त्याचं बलिदान नीट समजायचं असेल तर तो कुणाच्या लढ्यात उभा होता ते समजलं पाहिजे. रूबी सेल्स त्या गोळीतून वाचल्या. पुढे त्या डॅनियल्सच्याच धर्मशाळेत शिकल्या आणि आयुष्यभर हक्कांचं काम करत राहिल्या. त्यांना ‘जिला वाचवलं ती मुलगी’ एवढंच म्हणणं बरोबर नाही. त्या दिवशी त्या तुरुंगातून बाहेर पडत होत्या. म्हणजे लढायला त्या स्वतःच गेल्या होत्या.

म्हणून सेवेसाठी कुठेही जाणाऱ्याला माझं सांगणं आहे, की गावात गेल्यावर जमिनीचा इतिहास विचारा, मतदारयादीचा विचारा, कोर्टाचा विचारा. कुणाची जमीन, कुणाचं नाव यादीत, कोण न्याय द्यायला बसतं. आणि हा इतिहास संपलेला आहे असं समजू नका. लाउंड्समध्ये ती काळी चिकणमाती पाणी मुरू देत नाही, शोषखड्डे चालत नाहीत, आणि कित्येक गरीब घरांचं सांडपाणी उघड्यावर साचतं. नवी यंत्रणा बसवायची तर खर्च झेपणारा नाही. लाउंड्सच्याच कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न देशासमोर आणला. २०२३ मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानं त्यावर राज्य आरोग्य खात्याशी करार केला, आणि २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर तो रद्द केला. १९३५ ची ती माती, तेच गरीब. भिंत रंगवायला गेलेल्या पोरानं घरामागचं डबकं बघितलं आणि ‘अस्वच्छ लोक आहेत’ असं म्हटलं, तर त्यानं सेवा केली की अन्याय केला? इतिहास कशासाठी शिकायचा, याचं उत्तर त्या डबक्यात आहे. इतिहास माहीत नसला की आपण दुःखाचा दोष दुःख भोगणाऱ्यालाच देऊन मोकळे होतो.

आणि कुणाकडून शिकायचा? ज्या घरी पाणी प्यालो, त्या घरच्या माणसांकडून. ती माणसं आपण जाण्याआधी तिथे होती आणि आपला उन्हाळा संपल्यावरही तिथेच राहणार आहेत.

वेळ झाली, इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.